'ॲव्हेंजर्स: डूम्सडे'मध्ये नक्की कोण कोण आहे? खात्री कुठे करायची? सल्ला हवा

कृष्णाकाठी

नमस्कार मंडळी. आमच्या तालुक्याच्या साप्ताहिकात मी सिनेमाचं अर्धं पान लिहितो. मानधन म्हणजे दिवाळीला मिठाईचा पुडा, पण वाचतात लोक. मध्यंतरी मार्व्हल या अमेरिकन सुपरहिरो-सिनेमांच्या स्टुडिओच्या 'डूम्सडे'वर लिहिताना एका झकास पोस्टरवरून नावं उतरवून घेतली. पोस्टर कुणा हौशी पोराने एआयवर बनवलेलं निघालं. तेव्हापासून सलूनमध्ये गेलो की कात्री थांबवून विचारतात, "काय साहेब, आज कोणाला घेतलं पिक्चरमध्ये?"

आता चूक दुरुस्त करून परत लिहायचंय. पण कलाकार, दिग्दर्शक, तारीख, जिथे बघावं तिथे वेगळं. एका साइटवर तर चित्रपटाचं नावच 'द कँग डायनेस्टी' आहे! पैसे भरून कुठली सेवा घेणं परवडणार नाही. कुठे बघू आणि कुणाचं खरं मानू?

टंग्या

आयएमडीबी ही सिनेमांच्या माहितीची साइट बघा की. विषय संपला.

आळशी_उंदीर

@टंग्या, विषय तिथेच सुरू होतो. आयएमडीबीवर तुम्ही-आम्ही कुणीही खातं उघडून माहिती पाठवू शकतो. प्रदर्शित झालेल्या सिनेमाची श्रेयनामावली तिथे बऱ्यापैकी नीट असते, कारण पडद्यावर जे दिसलं त्याच्याशी ताडून बघता येतं. न आलेल्या सिनेमाचं ताडणार कशाशी? काही नावांपुढे अफवा असल्याची नोंदही असते, ती कुणी वाचत नाही.

इंग्रजी विकिपीडिया त्यापेक्षा बरा. तिथे सहसा प्रत्यक्ष चित्रीकरण सुरू झाल्याशिवाय सिनेमाला स्वतंत्र पान मिळत नाही आणि वाक्यागणिक तळटीप मागतात. पान वाचू नका, तळटीप उघडा.

जुनी_खोड

कृष्णाकाठी, मी काही वर्षं मुंबईत एका पुरवणीचं सिनेमाचं पान लावायचो. तुमच्यासारखं तोंडघशी मीही पडलोय, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी 'कँग'चं. ती साइट खोटं बोलत नाहीये, ती शिळी आहे. जुलै २०२२ मध्ये मार्व्हलने सॅन डिएगो कॉमिक-कॉन या चाहत्यांच्या मेळाव्यात 'ॲव्हेंजर्स: द कँग डायनेस्टी' जाहीर केला, तारीख होती २ मे २०२५, आणि त्याच महिन्यात दिग्दर्शक म्हणून डेस्टिन डॅनियल क्रेटनचं नाव आलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये क्रेटन बाजूला झाला. डिसेंबरमध्ये कँग या खलनायकाचं काम करणाऱ्या जोनाथन मेजर्सला न्यायालयाने दोषी ठरवलं आणि मार्व्हलने त्याला काढलं. मग जुलै २०२४ मध्ये त्याच कॉमिक-कॉनला नवं नाव 'डूम्सडे', दिग्दर्शक रूसो बंधू आणि डॉक्टर डूम या खलनायकाच्या भूमिकेत रॉबर्ट डाउनी ज्युनियर. तारीख आधी १ मे २०२६ झाली, मग मे २०२५ मध्ये ती सरकवून १८ डिसेंबर २०२६ केली. म्हणजे तुम्हाला तीन साइटवर तीन तारखा दिसल्या असतील तर तिन्ही कधी ना कधी अधिकृत होत्या. बातमी खरी की खोटी हे बघायच्या आधी ती केव्हाची आहे हे बघा. माझ्या अनुभवात निम्म्या चुका इथेच होतात.

आता कलाकार. हॉलिवूडची चित्रपटधंद्याची वृत्तपत्रं आहेत: 'व्हरायटी' १९०५ पासून, 'हॉलिवूड रिपोर्टर' १९३० पासून, आणि 'डेडलाइन' अलीकडचं, इंटरनेटवरच जन्मलेलं. बाकी सगळं जग यांचंच उचलतं. तुम्हाला एखाद्या साइटवर बातमी दिसली तर शेवटच्या परिच्छेदात यांच्यापैकी कुणाचं नाव आहे का ते शोधा. नसेल तर सोडून द्या.

आणि मूळ बातमीत क्रियापद काय आहे ते बघा, खरी गोम तिथे आहे. आपल्याकडे लग्न जमवताना 'स्थळ सांगून आलंय', 'बोलणी चालू आहेत', 'सुपारी फुटली' आणि 'अक्षता पडल्या' यात फरक करतो ना? त्यांच्याकडेही तसंच. स्टुडिओची नजर अमक्यावर आहे, म्हणजे स्थळ नुसतं ऐकण्यात आहे. चर्चा सुरू, म्हणजे बोलणी. करार झाला, म्हणजे सुपारी. आपल्याकडे भाषांतर होताना या सगळ्याचं एकच मराठी होतं: 'अमक्याची एन्ट्री!' मीही अशी एन्ट्री एकदा छापली होती. त्या गड्याची बोलणी मानधनावरून फिसकटली आणि मला खुलासा छापावा लागला, तोही रविवारी.

निशाचर

'डूम्सडे'ची नावं शोधायला इतकं लांब जायला नको. २६ मार्च २०२५ ला मार्व्हलने खुर्च्यांचं थेट प्रक्षेपण केलं होतं. सेटवरच्या घडीच्या खुर्च्या, पाठीवर नाव, कॅमेरा इंचाइंचाने सरकतोय. पाच तासांहून जास्त! आपल्याकडे मध्यरात्र उलटली, बायको दोनदा येऊन "अजून खुर्च्याच बघताय?" म्हणून गेली. ख्रिस हेम्सवर्थपासून सुरुवात, शेवटी डाउनी स्वतः येऊन बसला. एकूण २७ नावं. जुन्या एक्स-मेन सुपरहिरोपटांतल्या नटांपैकी पॅट्रिक स्ट्युअर्ट, इयन मकेलन, जेम्स मार्सडन, रिबेका रोमेन, ॲलन कमिंग, केल्सी ग्रामर त्यातच आहेत. तुमच्या पोस्टरवरची नावं या यादीशी लावून बघा.

कृष्णाकाठी

हे उत्तम झालं. पोस्टरवर ख्रिस इव्हान्स होता, यादीत नाही. म्हणजे तो नक्की नाही, असं लिहू?

जुनी_खोड

अजिबात नको! यादीत नाव आहे म्हणजे माणूस आहे. नाव नाही म्हणजे माणूस नाही, हे त्यातून निघत नाही. इव्हान्सचंच घ्या. डिसेंबर २०२४ मध्ये तो परततोय अशी बातमी आली. पुढच्याच महिन्यात त्याने 'एस्क्वायर'ला सांगितलं, असं काही नाही, मी सुखात निवृत्त आहे. मार्चमध्ये त्याची खुर्ची नव्हती. आणि डिसेंबर २०२५ मध्ये खुद्द मार्व्हलच्या टीझरमध्ये स्टीव्ह रॉजर्स, म्हणजे इव्हान्सचा कॅप्टन अमेरिका, परत येणार असल्याचं झळकलं. तुमच्या पोस्टरवरच्या पोराने हे एक बरोबर मारलं, पण ते त्याला ठाऊक होतं म्हणून नव्हे.

नटाच्या नकाराला काडीची किंमत देऊ नका. 'स्पायडर-मॅन: नो वे होम'च्या वेळी आधीच्या सिनेमांतला स्पायडर-मॅन अँड्र्यू गारफिल्ड वर्षभर मुलाखतींतून "मी नाहीये" सांगत होता. डिसेंबर २०२१ ला पडद्यावर आला आणि थिएटरात शिट्ट्या. गुप्ततेचा करार असतो, बिचारा दुसरं काय बोलणार? उलट एखाद्याच्या तोंडून निसटलं तर ते जास्त खरं. जेमी फॉक्सने ऑक्टोबर २०२० मध्ये याच सिनेमात आपण असल्याचं इन्स्टाग्रामवर टाकून लगेच पुसून टाकलं. आल्फ्रेड मोलिनाने तर एप्रिल २०२१ मध्ये 'व्हरायटी'ला मोकळेपणाने सांगितलं की खलनायक डॉक ऑक मीच करतोय.

अटलांटाकर

थोडं अवांतर. इकडे अमेरिकेतल्या जॉर्जियात शूटिंग असलं की रस्त्याच्या कडेला पिवळ्या पाट्या लागतात, त्यावर बाण आणि एखादा विचित्र शब्द. सिनेमाचं खरं नाव कधीच नसतं. 'नो वे होम' इथे 'सेरेनिटी नाऊ' या नावाने चालला होता. त्याआधीचे दोन स्पायडर-मॅन 'समर ऑफ जॉर्ज' आणि 'फॉल ऑफ जॉर्ज'. तिन्ही 'साइनफेल्ड' या अमेरिकन विनोदी मालिकेवरून घेतलेली. बॅटमॅनचा 'द डार्क नाइट' 'रोरीज फर्स्ट किस' म्हणून शूट झाला, शोधणाऱ्याला शाळकरी प्रेमकथा वाटावी!

त्यामुळे टोपणनाव कळलं तर चित्रीकरण कुठे चाललंय याचा माग लागतो. कोण काम करतंय ते मात्र कळत नाही. 'डूम्सडे' इंग्लंडात पाइनवुड स्टुडिओत शूट झाला, त्यामुळे आमच्या पाट्यांचा तुम्हाला उपयोग शून्य. पाट्या चोरून नेणारे चाहते आहेत, पण ते असो.

टंग्या

बरं मग ट्रेलर? ट्रेलर तरी खरा ना?

आळशी_उंदीर

कोणाच्या चॅनेलवर आहे त्यावर. यूट्यूबवर जुने सीन आणि एआयचे तुकडे जोडून 'फर्स्ट ट्रेलर' टाकणाऱ्यांची फौज आहे. त्यातल्या दोन मोठ्या चॅनेलांचं जाहिरातींचं उत्पन्न यूट्यूबने मार्च २०२५ मध्ये थांबवलं, त्यातलं एक आपल्या भारतातलंच. मार्व्हलच्या स्वतःच्या चॅनेलवर नसेल तर तो ट्रेलर नाही.

आणि खरा ट्रेलरसुद्धा बनवाबनवी करतो. 'नो वे होम'च्या ब्राझीलमधल्या ट्रेलरमध्ये लिझार्ड या खलनायकाचं तोंड आपोआप फिरतं, जणू हवेनेच ठोसा मारला. मारणारा पुसला होता, पुसताना परिणाम राहून गेला.

मावशी_पुणे३०

@जुनी_खोड, लग्नाची उपमा आवडली. पण आपल्या 'क्रिश ४'चं काय? मुलगा रोज नवं काहीतरी सांगतो. सुपारी फुटलीय की नाही?

जुनी_खोड

मावशी, दिग्दर्शकाची फुटलीय. राकेश रोशन यांनी २८ मार्च २०२५ ला स्वतः जाहीर केलं की हृतिक दिग्दर्शन करणार आणि सोबत निर्माते आदित्य चोप्रा. नायिका कोण, खलनायक कोण, हे रोशन किंवा चोप्रांची यशराज कंपनी यांच्या तोंडून ऐकल्याशिवाय मुलाला उधारीवरच ठेवा.

आपल्या सिनेमांसाठी एक फुकटची जागा आहे: सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र. लांबी मिनिट-सेकंदासह आणि प्रमाणपत्राचा वर्ग तिथे पक्का कळतो. पण ते प्रदर्शनाच्या तोंडावर मिळतं. तोवर कुणी 'लांबी तीन तास दहा मिनिटं' म्हणालं तर मान डोलवा आणि छापू नका.

कृष्णाकाठी

सर्वांचे मनापासून आभार, वाचनखूण साठवली. आज मजकूर पाठवला. असा लिहिलाय:

'मार्व्हलने २६ मार्च २०२५ रोजी २७ कलाकार जाहीर केले. त्यात नसलेला ख्रिस इव्हान्स नंतरच्या अधिकृत टीझरमध्ये दिसला. दिग्दर्शक अँथनी व जो रूसो. प्रदर्शन १८ डिसेंबर २०२६ (आधीची तारीख १ मे २०२६). मागील अंकातील नावे एका बनावट पोस्टरवरून घेतली होती, क्षमस्व.'

निशाचर

छान. छापून आलं की फोटो टाका.

कृष्णाकाठी

आलं. संपादकांनी क्षमस्व ठेवलं आणि कलाकारांचं वाक्य कापलं. खताची जाहिरात आली होती. सलूनमध्ये आता नवीन प्रश्न आहे: "साहेब, माफी मागितलीत ते ठीक, पण मग पिक्चरमध्ये आहे कोण?"