मदत हवी आहे: आत्याच्या कविता आणि पत्रं कुठं द्यावीत?

नमस्कार. मी बेळगावची, शहापुरात राहते. गेल्या श्रावणात माझी आत्या गेली. तिनं जन्मभर बायकांच्या चळवळीत काम केलं, निपाणीच्या तंबाखू वखारीतल्या बायकांबरोबर मोर्चे काढले आणि कविता लिहिल्या. ती लेस्बियन होती. घरात हा शब्द कुणी काढत नसे, पण तिच्या एका भाषणाच्या कच्च्या मसुद्यात तो तिच्याच अक्षरात आहे, म्हणून मीही तोच लिहिते.

माडीवर तिची पत्र्याची ट्रंक आहे. वह्या, सायक्लोस्टाइलची पत्रकं (एका बाजूला मराठी, मागं कन्नड) आणि खानापूरच्या मावशींची निळी इनलँड पत्रं. मावशी म्हणजे तिची जोडीदार. त्यांची शाळा कन्नड, त्यामुळं पत्रांची भाषा मराठी नि लिपी कन्नड. एक कविता वखारीतल्या हजेरीच्या चिठ्ठीमागं पेन्सिलनं लिहिलीय, घडीत अजून तंबाखूची भुकटी आहे. शेवटच्या वहीत समलैंगिक संबंध गुन्हा नाही ठरवणाऱ्या २०१८ च्या कलम ३७७ च्या निकालाचं कात्रण. खाली दोघींची नावं, बाकी काही नाही.

चुलतभाऊ म्हणतो, कविता ठेव, पत्रं जाळ. एका ग्रंथालयानंही पत्रं नकोत म्हणून सांगितलं. मला हे पटत नाही. तिच्या छापून आलेल्या एका कवितेत संपादकानं 'तू आलीस'चं 'तू आलास' केलंय. वहीत स्वच्छ 'आलीस' आहे. पत्रं गेली तर ती 'तू' कोण, हे कुणाला कळणार?

बायकांचे कागद जपणाऱ्या मुंबईच्या 'स्पॅरो' या संग्रहाला द्यावं, की बेंगळूरच्या नॅशनल लॉ स्कूलमधल्या क्वीअर (समलैंगिक, ट्रान्स वगैरे लोकांच्या) संग्रहाला? आमच्याकडं मराठी कागद कुठल्या राज्यात गेले यावरूनही माणसं दुखावतात. शिवाय पावसाळा तोंडावर आलाय, वह्यांना कसर लागलीय.

प्रतिसाद

ताई, आधी ट्रंकेतला क्रम मोडू नका. जसं आहे तसे फोटो काढा, मग हात लावा. गंजलेल्या टाचण्या अलगद काढा. सेलोटेप, लॅमिनेशन अजिबात नको. कात्रणाचं आम्ल शेजारच्या पानावर उतरतं, मध्ये कोरा चांगला कागद घाला. ट्रंक जमिनीवर नको, भिंतीपासूनही जरा लांब ठेवा.

पत्राचा कागद आता वारसांचा, पण मजकुराचा हक्क लिहिणारीचा. मावशी हयात असतील तर त्यांना विचारल्याशिवाय काही देऊ नका. देताना 'अमुक वर्षं बंद ठेवावं' अशी अट लेखी घालता येते.

कुठं द्यायचं, तर गावापेक्षा वाचणारं कोण ते बघा. कृष्णवर्णीय लेस्बियन कवयित्री ऑड्री लॉर्ड जन्मल्या न्यूयॉर्कला, त्यांचे कागद मात्र अटलांटात, कृष्णवर्णीय मुलींच्या स्पेलमन कॉलेजात आहेत. मूळ कागद एकत्रच ठेवा, स्कॅन दोन्हीकडं द्या. घरात ठेवावे लागले तरी कमीपणा नाही. लेस्बियन बायकांचे कागद जपणारा न्यूयॉर्कचा १९७४ चा लेस्बियन हर्स्टरी आर्काइव्ह बरीच वर्षं त्याच्या एक संस्थापक जोन नेसल यांच्या राहत्या घरातच होता.

धागाकर्ती

मनापासून आभार. मावशींना फोन केला. म्हणाल्या, "दे गं, पण आधी एकदा मला वाचून दाखव, डोळ्यांना दिसत नाही आता." रविवारी खानापूरला जातेय, 'आलीस'ची वहीही नेते. बेळगाव-धारवाडकडं जुने कागद जपून स्कॅन करणारं कुणी माहीत असेल तर कळवा.