स्पोर्टिंग क्लेजला नवीन माणसानं कुठला चोक लावावा? (आतापर्यंत फक्त ट्रॅप केलंय)

रामबागवाला
नमस्कार मंडळी. मी इंदूरचा, शॉटगन (छर्र्यांची बंदूक) शिकायला लागून फार काळ नाही झाला, सवड मिळेल तसं भोपाळला जाऊन ट्रॅप मारतो (हवेत उडवलेली ठिसूळ चकती, म्हणजे क्ले, फोडायचा खेळ). आता उन्हाळ्यात दादाकडे इंग्लंडला चाललोय, लेस्टरजवळ. त्याच्या घरापासून जवळच क्ले ग्राउंड आहे आणि तिथं स्पोर्टिंग क्लेज चालतं, दादा म्हणतो ग्राउंडचीच गन मिळते, बारा बोरची ओव्हर-अंडर (एकावर एक दोन नळ्यांची), चोक (नळीच्या तोंडाशी बसवायचे तुकडे) स्क्रूवाले आणि डबीत पाच येतात, मोकळ्यापासून टाईटपर्यंत सिलिंडर, क्वार्टर, हाफ, थ्री-क्वार्टर, फुल. इथं ज्याला विचारलं तो एकच सांगतो की टाईट लाव, फुल लाव. पण दादानं जे व्हिडिओ पाठवलेत त्यात एक क्ले डोक्यावरून येतोय, एक समोरून आडवा चाललाय, एक जमिनीवरून उड्या मारत पळतोय, मग या सगळ्यांना एकच चोक कसा पुरणार? की दर स्टँडला (मारायला उभं राहायच्या जागेला) बदलत बसायचं? आणि माझ्याकडे तिकडचं लायसन्स नाही, तरी मारता येतं का नक्की? जाणकारांनी प्लीज सांगा, खूप मनापासून शिकायचंय.

महूकर काका
अरे, टाईट लाव म्हणणारे चुकीचं नाही सांगत आहेत, ते तुला ट्रॅपचं सांगतायत. ऑलिंपिक ट्रॅपमध्ये क्ले तुझ्या 15 मीटर पुढच्या खंदकातून निघतो आणि तुझ्यापासून लांबच पळतो, तू घोडा ओढेस्तोवर तो तीस-पस्तीस मीटरवर पोचलेला असतो, दुसरं काडतूस झाडावं लागलं तर त्याच्याही पुढं, आणि काडतुसात शिसं फक्त 24 ग्रॅम. तिथं थ्री-क्वार्टर आणि फुल लावणं बरोबरच आहे. स्पोर्टिंगमध्ये गणित बदलतं, कारण ग्राउंडवाला मुद्दाम प्रत्येक स्टँडला वेगळा क्ले देतो, आणि नवीन लोकांसाठीच्या स्टँडवर बरेचसे क्ले वीस ते तीस यार्डात फुटायच्या जागी असतात. वीस यार्ड म्हणजे किती ते होळकर स्टेडियमच्या पिचवरून धर, पिच 22 यार्डाची असते. इतक्या जवळ फुल चोक कशाला रे बाबा?

चोक म्हणजे काय तर नळीच्या तोंडाशी थोडंसं आवळलेलं माप. बारा बोरची नळी साधारण साडेअठरा मिलिमीटरची, फुल चोक तिला तोंडाशी जेमतेम एक मिलिमीटर आवळतो आणि क्वार्टर त्याच्याही चौथ्या हिश्शानं. पण फरक मोठा पडतो. 40 यार्डावर 30 इंचाचं वर्तुळ आखून मोजायची जुनी पद्धत आहे, त्यात फुलचे साधारण 70 टक्के छर्रे वर्तुळात बसतात, हाफचे 60, क्वार्टरचे 55, साध्या सिलिंडरचे 40. हे झालं 40 यार्डाचं. 20 यार्डावर ये, तिथं फुलचा घेर साधारण 16 इंचच उघडलेला असतो आणि सिलिंडरचा त्याच्या जवळपास दुप्पट. तू अजून बंदूक खांद्याला लावायला शिकतोयस, वेगवेगळ्या कोनातले क्ले वाचायला शिकतोयस, तर हा जास्तीचा घेर हातचा का सोडायचा? दोन्ही नळ्यांत क्वार्टर घाल आणि डबी बॅगेत ठेवून दे.

स्कीटवाली ताई
काकांशी सहमत, दोन्ही नळ्यांत क्वार्टर. मी स्कीट करते (क्ले फोडायचाच वेगळा प्रकार), आमच्याकडे क्ले वीसेक यार्डांच्या आतच मारायचे असतात म्हणून आम्ही एकदम मोकळे चोक लावतो, तरी मोकळा चोक सगळं सांभाळून घेईल असं मनात धरू नको. नवीन माणसाचा नेम बहुतेक वेळा क्लेच्या मागे राहतो, कारण क्लेजवळ आलं की बंदूक थांबते, आणि दोन-तीन फूट मागे मारलं तर कुठलाच चोक वाचवत नाही. म्हणूनच दर स्टँडला चोक बदलू नको म्हणते मी. क्ले सुटला की चोक बदलायचा, अशी सवय लागली तर नेम का चुकला ते कधी कळतच नाही. एकच चोक ठेवलास तर क्ले कसा फुटतो ते बघून शिकता येतं. काळा धूर झाला तर छर्र्यांच्या मधोमध सापडला, नुसते दोन मोठे तुकडे पडले तर बहुधा कडेचे दोन-चार छर्रे लागलेत, म्हणजे अजून थोडं पुढं किंवा वरखाली बघायला हवं.

आणि क्लेचं कुठलं अंग दिसतंय तेही बघ. पोट दाखवत येणारा क्ले चटकन फुटतो, पण कडेनं येणारा पातळ पट्टीसारखा दिसतो, त्याला छर्रे जवळजवळ असावे लागतात. जमिनीवरून पळतो त्याला रॅबिट म्हणतात, तो जरा जाड आणि दणकट बनवलेला असतो कारण त्याला आपटत जायचं असतं. मिनी म्हणून 60 मिलिमीटरचा येतो (नेहमीचा 108 ते 110 चा असतो), तो लांब आहे असं वाटतं पण पुष्कळदा जवळच असतो, डोळा फसतो तिथं.

लेस्टरचा इंदोरी
भिया, तुझ्या दादाच्याच गावाकडचा आहे मी, म्हणून लिहितोय. आधी लायसन्सचं. इथल्या 1968 च्या फायरआर्म्स अ‍ॅक्टच्या कलम 11 मध्ये तरतूद आहे, पोलिसांची मंजुरी असलेल्या जागी, मंजूर वेळेत, क्लेवर मारायला सर्टिफिकेट नसलेल्या माणसालाही शॉटगन वापरता येते. सगळ्या ग्राउंडकडे ही मंजुरी नसते, तेव्हा दादाला आधी फोन करून विचारायला सांग.

आता चोकबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे, दोन्ही नळ्यांत हाफ. एक तर इथं बऱ्याच ग्राउंडवर प्लास्टिक वॅड (काडतुसात दारू आणि छर्रे यांच्या मधली बुची) चालत नाही, फायबर वॅडचंच काडतूस घ्यावं लागतं, शेतात प्लास्टिक पडू नये म्हणून. आणि फायबरमध्ये छर्र्यांना प्लास्टिकची वाटी नसल्यानं पॅटर्न (छर्र्यांचा पसारा) जरा मोकळा पडतो, म्हणजे क्वार्टर लावूनही तुला क्वार्टरपेक्षा मोकळं मिळू शकतं. दुसरं म्हणजे आडवा क्ले 35 यार्डावर असला आणि कडेनं दिसत असला तर क्वार्टरमध्ये छर्र्यांच्या फटीतून निसटल्याचं मी पाहिलंय. नेम बरोबर असूनही क्ले फुटला नाही तर शिकणाऱ्याचा विश्वास जातो, ते मला जास्त वाईट वाटतं.

स्कीटवाली ताई
फायबर वॅडचा मुद्दा पटला, तो माझ्या लक्षात नव्हता कारण आपल्याकडे प्लास्टिकच असतं. मग खालच्या नळीत क्वार्टर आणि वरच्या नळीत हाफ लाव. बहुतेक ओव्हर-अंडरमध्ये आधी खालची नळी सुटते आणि सेलेक्टर बटणानं क्रम उलटा करता येतो, म्हणजे पहिला क्ले लांबचा नि दुसरा जवळचा असेल तर नुसतं बटण सरकव, चोक बदलायची किल्ली हातात घ्यायची गरजच नाही. फक्त हे स्टँडमध्ये शिरून काडतुसं भरायच्या आधी ठरव. ग्राउंडवर पॅटर्न प्लेट म्हणजे लोखंडी पत्रा असेल तर विचारून दोन्ही चोकनी 25 यार्डावरून एकेक मारून बघ, वाचून नाही कळत ते, पत्र्यावर दिसतं.

महूकर काका
हे चांगलं सुचवलंस ताई. काडतूस 28 ग्रॅम, छर्रे साडेसात नंबरच्या आकाराचे घे, सगळ्या स्टँडला तेच. त्यात साडेतीनशेच्या आसपास किंवा थोडे जास्त छर्रे येतात, तीस यार्डापर्यंत काही कमी पडत नाही. ग्राउंडनं स्टीलचं काडतूस दिलं तर मात्र हाफपेक्षा टाईट चोक लावायचा नाही, स्टील शिशासारखं दबत नाही आणि नळीला धोका होतो.

रामबागवाला
काका, ताई, भिया, तिघांचेही खूप आभार, क्वार्टर-हाफ पक्कं. दोन गोष्टी राहिल्या. चोक बसवताना काय काळजी घ्यायची? आणि घरी आजोबांची शेजारी-शेजारी नळ्यांची जुनी दुनाळी आहे, वडिलांच्या लायसन्सवर, तिला पण असे स्क्रू चोक बसवून घेता येतील का?

महूकर काका
दुनाळीला हात लावू नकोस बेटा. जुन्या दुनाळ्यांत चोक नळीतच कोरलेला असतो आणि पुष्कळदा एक नळी मोकळी, एक टाईट अशी असते, म्हणजे तुला क्वार्टर-हाफसारखी सोय आजोबांच्या वेळेपासून आहेच. जुन्या नळीचं तोंड पातळ असतं, आटे पाडायला तिथं धातूच उरत नाही, आणि तोंडाशी काम केलेली जुनी नळी फाटू शकते. तिच्यात स्टीलचं काडतूस तर कधीच नको. एखाद्या चांगल्या बंदूक कारागिराकडून दोन्ही नळ्या मापून घे, तेवढं पुरे.

चोक बसवताना बंदूक उघडी, दोन्ही नळ्या रिकाम्या, आणि तू स्वतः आरपार उजेड बघितलेला, मगच किल्ली लाव. आट्यांना किंचित ग्रीस, हातानं शेवटपर्यंत फिरव, मग किल्लीनं नुसता घट्ट कर, जोर लावायचा नाही. चोक न बसवता फैर झाडायची नाही, नळीतले आटे बिघडतात. आणि मारता मारता नळी तापली की चोक सैल होतो, म्हणून दर दोन-तीन स्टँडनंतर बंदूक उघडून, रिकामी करून, बोटानं फिरवून बघ, हलला तर पुन्हा घट्ट कर.