अरुंद घाटात गाड्या समोरासमोर आल्या, तर मागे कुणी घ्यायची?

दुसरा_गिअर: वरंध घाटासारख्या रस्त्यावर दोन गाड्या वळणात अडकल्या की आधी हॉर्न वाजतात, मग माणसं. खरं तर रस्ता नियमांतच लिहिलंय: डोंगरी रस्ता दोघांना पुरत नसेल तर उतरणाऱ्याने कडेला थांबायचं, चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. कारण उघड आहे. चढावर थांबलेली भरलेली गाडी पुन्हा उचलायची म्हणजे हाफ क्लच (क्लच अर्धा दाबून धरणं) आणि क्लचप्लेट जळल्याचा वास. तेव्हा उतरणाऱ्यानेच मागे घ्यावी.

साइडपट्टी: नियमात 'थांबा' आहे, 'पन्नास मीटर रिव्हर्स घ्या' कुठाय? उतरणाऱ्याच्या मागे एसटी अन् तिच्यामागे चार गाड्या असल्या तर तो काय उडून जाणार? ज्याच्या पाठीमागं रुंद जागा जवळ, त्यानं मागं घ्यावी. आणि समोर एसटी असेल तर कारवाल्यानं, मग तो चढत का असेना.

दुसरा_गिअर: म्हणजे चढणाऱ्याने उतारावर उलटं यायचं. गाडी वजनाने आपसूक मागे ओढते. त्यात इंजिन बंद पडलं तर दोन-तीनदा ब्रेक दाबल्यावर ब्रेकला जोर देणारा बूस्टर संपतो आणि पेडल दगड होतं. उतरणारा मात्र रिव्हर्समध्ये चढतो. अॅक्सिलरेटर सोडला की वेग आपोआप मरतो. शिवाय आपल्या बहुतेक छोट्या गाड्या पुढच्या चाकांवर ओढतात. तोंड उताराकडे असलं की वजन त्याच चाकांवर येतं, ओल्या डांबरावरही पकड मिळते.

साइडपट्टी: मान्य. पण रिव्हर्समध्ये चढताना क्लच जळणारच म्हणा की, फक्त तुमच्याऐवजी माझा!

घाटमाथा: तुम्ही दोघं चढ-उतारातच अडकलात, डोंगर कुणाच्या बाजूला ते कुणी बघेना. पावसाळ्यात दरीकडची साइडपट्टी खालून धुपलेली असते, वरून धड दिसते. त्यामुळे दरीकडच्याने डांबर सोडायचं नाही. डोंगर ज्याच्या डावीकडे, त्याने आरसा मिटून आत सरकावं. तेही शेजारच्याला खाली उतरवून. गवतात झाकलेलं गटार पायाने चाचपल्याशिवाय कळत नाही. चाक आत गेलं की गाडी पोटावर बसते.

दुसरा_गिअर: आणि डोंगराकडची गाडी भरलेला ट्रक निघाला तर?

घाटमाथा: तर तो जागेवर उभा राहील आणि समोरचा मागे जाईल, चढता असो की उतरता. एरवी उतरताना खालच्या वळणावर एसटीचा टप दिसला, की वरच्याच रुंद जागेत थांबावं. रात्री तर समोरच्या दिव्यांचा झोत कातळावर आधीच फिरतो.

साइडपट्टी: धुक्यात ना टप दिसत, ना झोत. तिथं हॉर्नच.