प्रतिसाद: तीन मिनिटांत प्रबंध

पीएचडी करणाऱ्यांनी आपलं पाच वर्षांचं संशोधन तीन मिनिटांच्या व्हिडिओत सांगणं हा थिल्लरपणा आहे, असं इथे एकांनी लिहिलंय. मला तसं वाटत नाही.

या प्रकाराचं मूळ मजेशीर आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये दुष्काळ होता, लोक तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ लावून आंघोळ उरकत. त्यावरून तिथल्या विद्यापीठाने 2008 मध्ये 'थ्री मिनिट थिसिस' ही तीन मिनिटांत प्रबंध मांडायची स्पर्धा सुरू केली. एकच स्थिर स्लाइड, हातात वस्तू नको, वेळ संपली की बाद. करोनात ती स्पर्धा व्हिडिओवर आली.

माझी भाची ज्वारीच्या खोडमाशीवर पीएचडी करतेय. तिचा पहिला व्हिडिओ मी पाहिला. पहिलं मिनिटभर नुसती प्रस्तावना, विद्यापीठाचं नाव, गाइडचे आभार! म्हटलं, बाई, माशी कुठंय? मग घरच्यांसाठीच्या व्हिडिओत तिने मोबाइल थेट कोवळ्या रोपाजवळ नेला, पान उलटं केलं, खालच्या बाजूचं पांढरं अंडं दाखवलं. अळी पोंग्यात, म्हणजे रोपाच्या मधल्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत शिरते, आतला कोंब कुरतडते, पोंगा सुकतो. पण पानावर बारीक लव असलेल्या वाणांवर माशी अंडी कमी घालते. हिचा अभ्यास त्या लवेचा. आमच्या आईला, म्हणजे तिच्या आजीला, पहिल्यांदाच कळलं नात नक्की काय करते ते. "पोंगेमर म्हण की सरळ," एवढीच तिची दुरुस्ती.

माझी खरी तक्रार वेगळी आहे: हे व्हिडिओ बहुतेक इंग्रजीत असतात. भाचीचाही स्पर्धेचा इंग्रजीतच गेला, मराठीतला फक्त घरच्या ग्रुपवर.