तेराव्या वर्षी सीपीआर शिकवायचा का?

मूळ मत
वडील घरात कोसळले तेव्हा मी चौदा वर्षांची होते. मध्येच घोरल्यासारखा आवाज येत होता, म्हणून आम्हाला वाटलं श्वास चालू आहे. आई तोंडावर पाणी मारत राहिली. रुग्णवाहिका येईपर्यंत त्यांच्या छातीला कुणी हातही लावला नाही. तो श्वास नव्हताच. हृदय बंद पडल्यावर येणारे आचके होते, हे पुढे नर्सिंग शिकताना कळलं. अशा वेळी छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं म्हणजे सीपीआर. बाराव्या वर्षापासून प्रत्येक मुलाला वर्षाला दोन तास हे शिकवायलाच हवं. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१५ साली याला पाठिंबा दिला आहे.

एक पालक
ताई, तुमचं दुःख समजतं, तरी माझा विरोध आहे. माझा मुलगा तेराचा आहे. उद्या त्याच्या हाताखाली आजोबा गेले, तर ‘मीच नीट दाबलं नाही’ हे तो जन्मभर उरात बाळगेल. आणि या वयात तेवढी ताकद तरी असते का?

मूळ मत
दादा, छाती ५ ते ६ सेंटिमीटर दाबायची असते, मिनिटाला १०० ते १२० वेळा. दहा वर्षांच्या मुलाला ते सहसा जमत नाही, तेरा-चौदाव्या वर्षी बहुतेकांना जमतं. मी पुतळ्यावर शिकवते. परवा एक किडकिडीत मुलगी कोपर वाकवून नुसत्या दंडाच्या जोरावर दाबत होती, लगेच दमली. कोपर ताठ करून खांदे तळहातांच्या बरोब्बर वर आणले, कमरेतून वजन टाकलं, तशी पुरेसं दाबलं गेल्याची पुतळ्यातली ‘टिक’ वाजली. मग ती थांबेचना.

ओझ्याचं म्हणाल तर मी मुलांना पहिल्याच तासाला सांगते: सीपीआर देऊनही बरेच जण वाचत नाहीत, तुमचं काम दाबायचं. मी त्या दिवशी काहीच केलं नव्हतं. ओझं तरीही आहेच.

एक शिक्षिका
शाळेत हे कसं होतं ते मी पाहिलंय. एक दिवस शिबिर, फोटो, प्रमाणपत्रं. सहा महिन्यांनी मुलांना हात कुठे ठेवायचा तेही आठवत नाही. अर्धवट शिकलेल्या मुलाने कुणाची बरगडी मोडली तर जबाबदार कोण?

रुग्णवाहिकेवर काम करणारा
बाई, बरगड्या नीट दिलेल्या सीपीआरमध्येही मोडतात. हाकेला ओ नाही, श्वास नीट नाही, तर दाबायचंच. बरगडी सांधते, मेंदूला मात्र चार-पाच मिनिटांतच इजा होऊ लागते. विसरण्याचं तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं, म्हणूनच दरवर्षी हवं. डेन्मार्कने २००५ साली शाळांत सक्ती केली. रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्यांना जवळच्या माणसांनी सीपीआर देण्याचं प्रमाण तिथे २००१ मध्ये सुमारे २१ टक्के होतं, २०१० मध्ये ४५ झालं. श्रेय एकट्या शाळांचं नाही, वाहन परवान्यासाठीही तिथे प्रथमोपचाराचं प्रशिक्षण लागतं.

एक पालक
फोन लावणं, दार उघडून ठेवणं, धावत जाऊन हृदयाला विजेचा झटका देणारं एईडी यंत्र आणणं, एवढं शिकवा. मान्य. छाती दाबायला माझा मुलगा अजून लहान आहे, यावर मी ठाम आहे.

मूळ मत
फोन स्पीकरवर ठेवायलाही शिकवा, दादा. बऱ्याच ठिकाणी रुग्णवाहिकेच्या फोनवरचा पलीकडचा माणूस दाबण्यासाठी आकडे मोजून देतो. पण मुलगा घरात एकटा असला, तर पलीकडून तो त्यालाच सांगेल, छातीच्या मधोमध हात ठेव.