एरंडीचे तेल काढण्यासाठी लहान एक्सपेलर (फिरत्या स्क्रूने बी दाबून तेल काढणारे यंत्र) घ्यावा का? (शिरपूर, अंदाजपत्रक चार लाख)

पांझराकाठ (प्रश्नकर्ता): आमच्या भागात कपाशीच्या बांधावर एरंडी बऱ्यापैकी निघते आणि व्यापारी ती पडत्या भावाने उचलतात. माझ्याकडे शेड व थ्री-फेज जोडणी आहे. चार लाखांत तेल काढून ते शुद्ध करता येईल का आणि ते कोणाला विकावे, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

नवापूरकर: भाऊ, घ्यायचा तर नऊ बोल्टचाच घ्या (बोल्टांच्या संख्येवरून यंत्राचे माप कळते). माझ्याकडे तो वाफेच्या केटलसह (दाबण्याआधी बी तापवायचे भांडे) आणि फिल्टर प्रेससह (कापडातून दाबाने तेल गाळणारे यंत्र) आहे, आणि परिसरात तसा दुसरा कोणाकडे नाही. बोंडे फोडून बी वेगळे करावे, मात्र बियांवरचे कडक टरफल काढू नये, कारण त्यामुळेच स्क्रूला पकड मिळते. नुसता मऊ गर आत फिरत राहतो आणि तेल सुटत नाही. बियांत साधारण ४५ ते ५० टक्के तेल असते, पण दाबल्यानंतरही पेंडीत सुमारे १० टक्के राहतेच. चार लाखांत हे बसणार नाही, तेव्हा कर्ज काढा.

निवृत्त_रसायनज्ञ (जळगाव): पेंडीतले ते तेल कारखाने हेक्झेनने काढतात, हा द्रावक पेट्रोलसारखा पेट घेतो, म्हणून शेडमध्ये त्याचा विचारही करू नये. शुद्धीकरणाबद्दल सांगायचे तर गाळणे सोपे आहे, पण आम्लता घालवण्यासाठी अल्कली (कॉस्टिक सोड्यासारखा क्षार) टाकली की हे दाट तेल साबणाच्या पाण्यात असे मिसळून बसते की थर वेगळे होता होत नाहीत, आणि पुढे ब्लिचिंग माती व सक्रिय कोळसा वापरून रंग उतरवताना त्या मातीबरोबर तेलही जाते. या तेलात रिसिनोलिक आम्ल (एरंडीचे खास मेदाम्ल) ८५ ते ९० टक्के असते आणि उद्योगांना तेच हवे असते: हायड्रोजन देऊन ते घट्ट केले की लिथियम ग्रीसचा कच्चा माल होतो, सल्फ्युरिक आम्लाने कापडरंगाईचे टर्की रेड तेल होते, आणि नायलॉन-११ हे प्लास्टिकसुद्धा यातूनच येते. हे ग्राहक टँकरने माल घेतात आणि आम्लता, ओलावा, रंग तपासल्याशिवाय भाव बोलत नाहीत. देशातील बहुतांश एरंडी गुजरातेत पिकते आणि मोठ्या गिरण्याही तिकडेच आहेत; तेव्हा बी एकत्र करून थेट तिकडे पाठवा, हाच शहाणपणा.

चोपडा_आप्पा: आमची आजी बी भाजून, कुटून, पाण्यात उकळायची आणि वर आलेले तेल पळीने काढून उरलेले पाणी आटवायची. ना एक्सपेलर, ना कर्ज! बैलगाडीच्या आसाला आम्ही तेच घालत होतो. लाकडी घाणा घ्या. केसांसाठी शहरातली माणसे वाटेल तो भाव देतात.

निवृत्त_रसायनज्ञ: आप्पा, आसाला आणि केसांना एकच तेल चालते असे समजू नका. औषधी दर्जाचे तेल थंड दाबाचे, म्हणजे बी न तापवता काढलेले असते, पण तेही नीट गाळलेले आणि तपासलेले हवे.

साक्री_शेळीपालक: सर्वांनी तेलावरच लिहिले, पेंडीचे कोणी बोललेच नाही. एका व्यापाऱ्याने ढेपेच्या पोत्यांत एरंडीची पेंड मिसळून दिली आणि माझ्या दोन शेळ्या गेल्या. बियांतले रिसिन हे विष तेलात उतरत नाही, ते पेंडीत राहते. म्हणून ही पेंड खत म्हणूनच विकावी आणि तिची पोती सरकीच्या ढेपेजवळ ठेवूच नयेत. पेंड हाताळताना तोंडाला रुमाल बांधावा, तिच्या धुळीची अनेकांना ॲलर्जी होते.

नवापूरकर: वाफ दिली की विष मरते, म्हणून तर मी केटल सांगितली. नऊ बोल्टच घ्या.

साक्री_शेळीपालक: केटलमधली वाफ दाबण्याआधीची असते, तेवढ्याने सगळे विष मरते याची खात्री तुम्ही देणार का? माझ्या शेळ्यांवर प्रयोग झाला, आता दुसऱ्यांच्या नको.

अमळनेर_व्यापारी: हे एरंडाचे गुऱ्हाळ पुरे करा. गुजरातेत बी पाठवा, वर सांगितलेलेच मीही सांगतो. भाडे मात्र आधी ठरवून घ्या.

पांझराकाठ (प्रश्नकर्ता): सर्वांचे आभार. बी मी गुजरातेत पाठवत नाही आणि कर्जही काढत नाही. सहा बोल्टचा एक वापरलेला एक्सपेलर पावणेतीन लाखांत मिळतो आहे, तो घेतो. शुद्धीकरणात पडणार नाही. गाळलेले कच्चे तेल जळगावच्या एका साबणवाल्याला देण्याचे बोलणे झाले आहे, आणि पेंडीसाठी केळीवाल्या दोन शेतकऱ्यांनी आधीच विचारणा केली आहे. ती वेगळ्या रंगाच्या पोत्यांत भरून, ‘फक्त खतासाठी’ असे छापून देईन. आता एवढेच सांगा की हे दाट तेल गाळायला फिल्टर प्रेसचे कापड सुती घ्यावे की पॉलिप्रॉपिलीनचे?