कस्टम क्यू: पैसे कशाचे?
काही जण म्हणतात की कस्टम क्यूचे, म्हणजे पूल-बिलियर्ड्स खेळायच्या खास बनवून घेतलेल्या काठीचे, पैसे नुसत्या जडावकामाचे (लाकडात बसवलेल्या नक्षीचे) असतात. मला नाही पटत. खरी मेहनत शाफ्टमध्ये, म्हणजे क्यूच्या पुढच्या निमुळत्या भागात आहे. मेपलचा दांडा लेथवर एका दमात बारीक करत नाहीत; थोडा कातायचा, मग काही आठवडे टांगून ठेवायचा. आतला ताण सुटला की लाकूड हलतं, आणि जो दांडा वाकला तो सरळ चुलीत. टोकाला साधारण १३ मिमी उरेपर्यंत हेच चालू. गंमत म्हणजे ब्रुकलिनचा क्यू बनवणारा कारागीर जॉर्ज बालाबुश्का (मृत्यू १९७५), ज्याच्या क्यूंसाठी आज संग्राहक वाट्टेल ती किंमत मोजतात, तो सुरुवातीला बटसाठी (मागच्या जाड भागासाठी) ब्रन्सविक कंपनीच्या तयार टायटलिस्ट क्यूच वापरायचा! त्याच्या बहुतेक क्यूंवर नक्षीही बेताचीच.